ओला खडक, कोरडा खडक : ट्रायल्स मोटरसायकलपुढील दोन परीक्षा

क्रीडा प्रतिनिधी

स्कॉटलंडच्या पश्चिम भागातील फोर्ट विल्यम या लहानशा शहरात वर्षाकाठी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईकरांना हा आकडा परका वाटू नये. फरक इतकाच, की मुंबईचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपले काम उरकतो. फोर्ट विल्यमचा पाऊस मात्र बाराही महिने येत-जात राहतो. याच शहराभोवतीच्या डोंगरांत मे महिन्यात 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल' ही मोटरसायकल स्पर्धा भरते. सहा दिवस, दररोज सुमारे ३० अवघड टप्पे आणि त्यांच्यामधले मैलोन्‌मैल माळरान, असे तिचे स्वरूप आहे. येथे जिंकतो तो सर्वांत वेगवान चालक नव्हे, तर ज्याचा पाय सर्वांत कमी वेळा जमिनीला टेकतो तो.

सोमवारी लख्ख ऊन असताना ज्या खडकावर टायर गोंद लावल्यासारखा चिकटतो, तोच खडक मंगळवारी पावसात साबणाच्या वडीसारखा होतो. खडक तोच, चढ तोच, गाडी तीच आणि चालकही तोच. तरीही परीक्षा संपूर्णपणे बदललेली असते. कोरड्यात चालकाला काय काय करता येते हे पाहिले जाते. ओल्यात, त्याला काय काय न करता राहता येते हे. ट्रायल्स या खेळाचे मर्म या एका फरकात सामावलेले आहे. आणि पावसाळ्यात दुचाकीवरून कामावर जाणाऱ्या आपल्या शहरांतील लाखो लोकांनाही त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

ट्रायल्स म्हणजे काय?

मोटोक्रॉस किंवा रॅलीशी ट्रायल्सची गल्लत होण्याचा संभव असतो. त्या दोन्ही वेगाच्या स्पर्धा आहेत. ट्रायल्स ही तोलाची स्पर्धा आहे. ओढ्याचे पात्र, दरडीचा चढ, झाडांच्या मुळांनी विणलेली उतरण, एकमेकांवर रचलेले धोंडे अशा ठिकाणी काही मीटर लांबीचे टप्पे आखले जातात. त्यांना 'सेक्शन' म्हणतात. दोन्ही बाजूंना हद्दीच्या खुणा असतात, आरंभी व शेवटी फलक असतात आणि प्रत्येक सेक्शनवर एक निरीक्षक उभा असतो.

गुण मोजण्याची पद्धत सोपी, परंतु निष्ठुर आहे. पाय न टेकता सेक्शन पार केला तर शून्य दंडगुण. याला 'क्लीन' म्हणतात. एकदा पाय टेकला तर १, दोनदा टेकला तर २, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर ३. चालक पडला, गाडी मागे सरकली किंवा हद्दीबाहेर गेली, तर थेट ५. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजेता. गाडी थांबविण्याविषयीचे नियम स्पर्धेनुसार आणि काळानुसार बदलत आलेले आहेत. काही ठिकाणी क्षणभर थांबून तोल सावरण्याची मुभा असते. काही ठिकाणी गाडी थांबताच ५ दंडगुण पडतात. पावसात हा नियम फार जाचक ठरतो, कारण निसरड्या खडकावर एकदा थांबलेले चाक पुन्हा फिरू लागताना बहुतेक वेळा घसरते.

सेक्शनमध्ये गाडी घालण्यापूर्वी चालकाला तो पायी चालून पाहता येतो. हे पायी चालणे म्हणजे निम्मी स्पर्धाच होय. कोठे कोरडा पट्टा शिल्लक आहे, कोणत्या दगडावर शेवाळ आहे, आधीच्या चालकांनी चिखल कोठे नेऊन पसरला आहे, हे बुटाच्या तळव्याने चाचपून ठरवावे लागते.

या कामासाठीच घडविलेली गाडी

ट्रायल्सची मोटरसायकल प्रथमदर्शनी अपूर्ण वाटते, कारण तिला बसण्यासाठी आसन जवळपास नसतेच. चालक सारा वेळ पायखुंट्यांवर उभा असतो. आधुनिक गाडीचे वजन साधारण ६५ ते ७५ किलो असते. म्हणजे आपल्या रस्त्यांवरील बहुतेक मोटरसायकलींच्या जवळपास निम्मेच. इंजिन कमी फेऱ्यांवरही जोर देणारे असते, पहिले काही गिअर अत्यंत संथ असतात आणि क्लच एका बोटाने दाबता येईल इतका हलका असतो.

गाडीचा खरा प्राण मात्र तिच्या टायरांत असतो. पुढचे चाक २१ इंची व अरुंद, मागचे १८ इंची व रुंद. टायरवरील चौकोनी ठोकळे मोटोक्रॉसच्या टायरप्रमाणे लांब-लांब अंतरावर नसून एकमेकांच्या जवळ असतात. रबर अतिशय मऊ असते. आणि हवा? रस्त्यावरील मोटरसायकलमध्ये साधारणपणे प्रति चौरस इंच २५ ते ३५ पौंड हवा भरतात. ट्रायल्समध्ये मागच्या चाकात अवघी ४ ते ५ पौंड आणि पुढच्या चाकात सुमारे ६ पौंड हवा ठेवतात. अंगठ्याने दाबला तरी टायर सहज आत जावा, अशी ती अवस्था असते. दगडावर गेल्यावर हा टायर पसरतो आणि दगडाच्या कडांना कवेत घेतो.

पकड येते कोठून?

रबराची पकड मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे रबर आणि खडक यांच्या पृष्ठभागांमधील प्रत्यक्ष चिकटण. त्यासाठी दोहोंमध्ये निकटचा स्पर्श व्हावा लागतो. दुसरी म्हणजे रबराचे आकार बदलणे. मऊ रबर खडकाच्या लहानमोठ्या उंचवट्यांत दबून बसते आणि त्या उंचवट्यांना अडून राहते.

पाऊस पडला की पाण्याचा पातळ थर रबर आणि खडक यांच्यामध्ये येतो आणि पहिला आधार कमकुवत होतो. दुसरा आधार मात्र बऱ्याच अंशी शिल्लक राहतो. ओल्या खडकावर गाडी चालविणे म्हणजे या उरलेल्या आधारावर भिस्त ठेवणे. त्यामुळेच ओल्यात खडकाचा पोत निर्णायक ठरतो. इंग्लंडमधील यॉर्कशायरचा भरड वालुकाश्म ओला झाला, तरी त्याचे खरखरीत कण टायरला धरून ठेवतात. गुळगुळीत पाटीचा दगड किंवा झिजून तुळतुळीत झालेला चुनखडक मात्र ओला होताच दगा देतो. आणि खडकावर शेवाळ असेल तर त्याची जात कोणतीही असो, उपयोग शून्य. कारण टायर खडकाला नव्हे, शेवाळाच्या बुळबुळीत थराला टेकलेला असतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कातळावर पाय घसरलेल्या गिर्यारोहकांना हे निराळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. न घसरता फिरणाऱ्या चाकाला जी पकड मिळते, ती घसरू लागलेल्या चाकाला मिळत नाही. कोरड्या खडकावर चाक क्षणभर घसरले तरी सावरण्याची संधी असते. ओल्या खडकावर चाक एकदा जागच्या जागी फिरू लागले, की पुढचा सारा जोर वाया जातो. चालकाची स्वाभाविक प्रतिक्रिया असते थ्रॉटल आणखी पिळण्याची. आणि नेमकी तीच घातक ठरते.

कोरडे हवामान : धाडसाला वाव

कोरड्या, स्वच्छ खडकावर आधुनिक ट्रायल्स गाडी जे करते ते पाहणाऱ्याला खोटे वाटावे असे असते. चालकाच्या उंचीहून अधिक उंच उभ्या दगडासमोर गाडी येते, चालक क्लच दाबून इंजिनाच्या फेऱ्या वाढवितो, क्लच एकाएकी सोडतो आणि त्याच क्षणी पायांनी उसळी घेतो. पुढचे चाक वर जाते, मागचे चाक दगडाच्या उभ्या अंगावर आदळते, दबते आणि तेथून वर झेपावते. या साऱ्या हालचालीचा पाया एकच असतो : मागचे चाक आदळेल तेथे ते घसरणार नाही, ही खात्री.

या खात्रीमुळे कोरड्यात चालक सरळ आणि आखूड वाट निवडतो, जागच्या जागी मागचे चाक उडवून गाडीची दिशा बदलतो आणि तीव्र उतारावर पुढच्या ब्रेकवर भार टाकतो. इटलीच्या 'बेटा' किंवा स्पेनच्या 'गॅसगॅस'सारख्या कंपन्यांच्या गाड्यांवर इंजिनाचा स्वभाव बदलणारा एक लहान खटका असतो. कोरड्यात तो तीव्र प्रतिसादाकडे ठेवला जातो.

तथापि, कोरडे म्हणजे सर्वत्र सोपे असे नव्हे. अनेक दिवस पाऊस नसला की मातीचा भुगा होतो, चढावरचे खडे सुटे होतात आणि टायरखालून बंदुकीच्या छऱ्यांसारखे निसटतात. किंचित ओलसर माती एकजीव असते आणि टायरच्या ठोकळ्यांना धरते. वाळून धूळ झालेली माती ते करीत नाही. त्यामुळे मातीच्या चढावर अनुभवी चालकाला आदल्या रात्रीची हलकी सर हवीशी वाटते, तर खडकाच्या चढावर तीच सर नकोशी वाटते.

ओले हवामान : संयमाची कसोटी

पाऊस आला की पहिला बदल होतो तो गतीच्या विचारात. कोरड्यात ऐन अडथळ्यापाशी जोर लावता येतो. ओल्यात तो जोर अडथळ्याच्या आधी, जेथे जमीन धरते आहे तेथे, लावून ठेवावा लागतो. मिळालेल्या गतीवर गाडी निसरड्या भागावरून वाहत न्यावी लागते. म्हणून चालक पुष्कळदा एक गिअर वरचा निवडतात. वरच्या गिअरमध्ये थ्रॉटलच्या लहानशा चुकीचा मागच्या चाकाला बसणारा धक्का सौम्य होतो. इंजिनाचा खटका मवाळ बाजूला नेला जातो, त्यामुळे ताकद हळूहळू येते. काही चालक थ्रॉटलची मूठही संथ बसवितात. म्हणजे मनगट तेवढेच फिरले तरी इंजिनाला इंधन-हवा कमी मिळते.

दुसरा बदल वाटेच्या निवडीत होतो. कोरड्यात काटकोनात घेतलेले वळण ओल्यात मोठ्या वर्तुळात घेतले जाते. गाडी कलती ठेवून वळणे टाळले जाते; चालक स्वतःचे शरीर बाहेरच्या बाजूला नेतो आणि गाडीचा भार सरळ खाली, टायरवर उभा पडेल असे पाहतो. झाडांची ओली मुळे हा तर खास शत्रू. मुळाला तिरके भिडलेले चाक मुळाच्या लांबीने घसरत जाते. म्हणून मूळ शक्यतो काटकोनात ओलांडायचे, आणि चाक मुळावर असताना ना थ्रॉटल द्यायचा, ना ब्रेक लावायचा.

तिसरा बदल शरीराचा. चढावर कंबर मागे नेऊन मागच्या चाकावर भार दिला जातो, परंतु इतका नव्हे की पुढचे चाक हलके होऊन भरकटेल. गुडघे नरम ठेवून चालक पायखुंट्या हलकेच दाबत राहतो, जणू टायर खडकात दाबून बसवितो आहे. ओल्या उतारावर पुढचा ब्रेक जरासा अधिक दाबला गेला की पुढचे चाक जागीच अडकते आणि गाडी बाजूला कोसळते. त्यामुळे दोन्ही ब्रेक एका-एका बोटाने, जेमतेम, आणि दोन्हींमध्ये भार वाटून लावले जातात.

या प्रत्येक बदलाचा रोख एकच आहे : कमी करणे. धक्का कमी, कल कमी, ब्रेक कमी, हालचाल कमी. नवख्या चालकाला ओल्यात गाडी घसरते म्हणून अधिक काहीतरी करावेसे वाटते. कसलेला चालक काहीच करीत नाही असे बघणाऱ्याला वाटते. तेच तर त्याचे कसब असते.

टायरमधील हवेचा प्रश्नही येथे येतो. ओल्यात मागच्या टायरमधील हवा आणखी थोडी उतरविण्याची पद्धत आहे, कारण टायर जितका पसरतो तितका तो दगडाचे उंचवटे अधिक पकडतो. परंतु याची किंमत मोजावी लागते. हवा फार कमी झाली तर धारदार दगडावर रिम ठेचते किंवा टायर रिमवरून सरकतो. एक पौंडाच्या फरकात लाभ आणि हानी दोन्ही सामावलेल्या असतात, म्हणून ट्रायल्सचे चालक कमी दाबासाठीचा वेगळा मापक जवळ बाळगतात.

सर्वांत फसवे : अर्धवट ओल

सर्वाधिक अवघड काय, असे विचारले तर मुसळधार पाऊस हे उत्तर अपेक्षित असते. प्रत्यक्षात जोराचा, सलग पाऊस खडकावरील माती व चिखल धुऊन नेतो. खडक ओला असतो, पण स्वच्छ असतो. सर्वांत फसवी अवस्था असते ती रिमझिमीची. तेवढ्या पाण्याने धूळ आणि माती भिजून तिची पातळ, तेलकट साय तयार होते. ती धुऊन जाण्याइतके पाणी मात्र नसते. शिवाय सेक्शनमधील मातीच्या भागातून आलेले प्रत्येक चाक चिखल वाहून आणते आणि पुढच्या खडकावर फासून जाते.

येथे चालकांच्या क्रमाला महत्त्व येते. ओढ्याच्या सेक्शनमध्ये पहिल्या चालकाला काठावरचे दगड कोरडे मिळतात. विसाव्या चालकापर्यंत टायरांमधून निथळलेल्या पाण्याने ते ओले झालेले असतात. उलटपक्षी, चिखलाच्या चढावर आधीच्या गाड्यांनी वरची माती खरवडून खालची घट्ट जमीन उघडी केली, तर मागाहून येणाऱ्याचे फावते. हा नशिबाचा भाग सर्वांना समसमान वाटला जावा, यासाठी स्कॉटलंडच्या सहा दिवसांच्या स्पर्धेत चालकांच्या गटांचा निघण्याचा क्रम रोज बदलला जातो.

सेक्शनच्या तोंडाशी चालक काय करतात, हेही पाहण्यासारखे असते. बुटांचे तळवे दगडावर घासून पुसले जातात, कारण पायखुंटीवरून पाय सटकला तर टायर चांगला असूनही उपयोग नाही. एखाद्या दगडाला टेकवून मागचे चाक क्षणभर जोरात फिरविले जाते, म्हणजे ठोकळ्यांमधील चिखल उडून जातो. ओले हातमोजे बदलले जातात. या साऱ्याला मिनिटभर लागते आणि त्या मिनिटाने दंडगुण वाचू शकतात.

सहा दिवस आणि एक गाडी

स्कॉटिश सिक्स डेज ट्रायलचा उगम १९०९ मधला. दोन महायुद्धे, २००१ मधील जनावरांची लाळ्या-खुरकुताची साथ आणि २०२० व २०२१ मधील कोरोनाची साथ एवढ्या खंडांखेरीज ही स्पर्धा चालत आली आहे. तिच्यात व्यावसायिक चालकांबरोबर हौशी चालकही मोठ्या संख्येने उतरतात. १३४५ मीटर उंचीच्या, ब्रिटनमधील सर्वोच्च अशा बेन नेविस पर्वताच्या उतारांवरील सेक्शन हे तिचे एक आकर्षण.

येथे हवामान केवळ सेक्शनपुरते मर्यादित राहत नाही. दोन सेक्शनांमधील माळरान दलदलीचे असते, ओढे पावसाने फुगतात आणि एरवी दिसणारे धोंडे पाण्याखाली दडतात. खोल पाण्यात गाडी आडवी झाली आणि इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे आतले भाग वाकू शकतात. म्हणून बुडालेल्या गाडीला लगेच किक मारायची नसते. आधी स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढायचे असते. वाळूमिश्रित चिखलाने ब्रेकचे पॅड झपाट्याने झिजतात. रात्री गाड्या बंदिस्त आवारात ठेवल्या जातात, त्यामुळे दुरुस्तीला मर्यादित वेळच मिळतो. गारठ्याने बोटे बधिर झाली की एका बोटाने चालणारा क्लच हाताळणेही कठीण होते. सहाव्या दिवशी टेकलेला पाय पुष्कळदा खडकामुळे नव्हे, तर पहिल्या पाच दिवसांच्या भिजण्यामुळे टेकतो.

उत्तर आयर्लंडचे सॅमी मिलर यांनी १९६५ मध्ये 'बुल्टॅको' या स्पॅनिश कंपनीच्या दोन-स्ट्रोक गाडीवर ही स्पर्धा जिंकली, तेव्हा वजनदार ब्रिटिश चार-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरल्याची ती खूण ठरली. मिलर यांच्याच मदतीने घडविलेली ही 'शेर्पा' गाडी जन्मली कॅटलोनियात, परंतु तिची कीर्ती झाली ती ब्रिटनच्या चिखलात. यॉर्कशायरचे डगी लॅम्पकिन यांनी ही स्पर्धा तब्बल १२ वेळा जिंकली. त्यांच्याच परगण्यातील 'स्कॉट ट्रायल' १९१४ पासूनची. शरद ऋतूत, पावसाळी माळरानावर होणाऱ्या या स्पर्धेत दंडगुणांबरोबर वेळेचाही हिशेब होतो. म्हणजे निसरड्यावर संथ जाण्याची सोयही चालकाला उरत नाही.

याउलट बंदिस्त सभागृहातील ट्रायल्समध्ये हवामानाचा प्रश्नच काढून टाकलेला असतो. तेथे कृत्रिम अडथळे असतात आणि पृष्ठभाग कोरडा असतो. स्पेनचे टोनी बोऊ यांनी २००७ ते २०२४ या काळात दर वर्षी सभागृहातील आणि मोकळ्या मैदानावरील अशी दोन्ही जागतिक विजेतेपदे मिळविली. या ३६ विजेतेपदांचे मोल यासाठी अधिक, की त्यांतील निम्मी पावसापाण्याच्या भरवशावर असलेल्या स्पर्धांतील आहेत.

'बुलेट'चे नाते

भारतीय वाचकाला या खेळाशी आपला काय संबंध, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु एक धागा थेट आपल्या रस्त्यांपर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ट्रायल्सच्या गाड्यांना मागे स्प्रिंग नसे. मागचे चाक चौकटीला ताठ जोडलेले असेल तरच चिखलात पकड मिळते, अशी जाणत्यांची समजूत होती. १९४८ मध्ये 'रॉयल एन्फिल्ड'ने कोलमोर कप ट्रायलमध्ये मागे झुलता दांडा आणि स्प्रिंग असलेल्या नव्या 'बुलेट' गाड्या उतरविल्या. अनेकांनी नाके मुरडली. पण स्प्रिंगमुळे मागचे चाक खडबडीत जमिनीवरून उडत नाही, सतत टेकलेले राहते आणि म्हणूनच ओल्यातही अधिक धरते, हे पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाले. जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ मध्ये बुलेटवरच स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा जिंकली.

त्याच सुमारास भारतीय लष्कराने सीमाभागासाठी बुलेटची निवड केली आणि १९५५ मध्ये तत्कालीन मद्रासमध्ये तिच्या जुळणीला आरंभ झाला. भारतीय रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या धावणाऱ्या बुलेटच्या मागच्या स्प्रिंगांची पहिली जाहीर परीक्षा ब्रिटनच्या चिखलात झाली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१९ मध्ये कंपनीने 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडी भारतात काही काळ विक्रीला आणली, ती या इतिहासाच्या आठवणीसाठीच.

जमिनीचे ऋण

ओल्या हवामानाचा आणखी एक प्रश्न आहे आणि तो गुणतक्त्यात दिसत नाही. कोरड्या खडकावरून शंभर गाड्या गेल्या तरी खडकाचे फारसे बिघडत नाही. भिजलेल्या माळरानावरून तेवढ्याच गाड्या गेल्या, तर चाकोऱ्या पडतात, गवताची मुळे उखडतात आणि त्या चाकोऱ्यांतून पाणी वाहून माती जाते. या स्पर्धा बव्हंशी खासगी जमिनींवर, मालकांच्या परवानगीने भरतात. एका पावसाळी रविवारी झालेले नुकसान पुढच्या वर्षीची परवानगी घालवू शकते. म्हणूनच जाणते आयोजक पाऊस लागला की काही सेक्शन रद्द करतात, वाटा बदलतात आणि शक्य तेथे ओढ्याच्या दगडी पात्राचा आश्रय घेतात.

सेक्शन आखणाऱ्याची अडचणही कमी नसते. तो आखतो कोरड्या दिवशी आणि स्पर्धा होते पावसात, किंवा नेमके उलटे. फार अवघड आखले तर ओल्यात सर्वांनाच ५ दंडगुण पडतात आणि फार सोपे आखले तर कोरड्यात सर्वच शून्यावर सुटतात. दोन्ही प्रकारांत कोण श्रेष्ठ हे ठरत नाही. ओल्यात पार करता येईल, पण कोरड्यातही चुकवील असा चढ शोधणे ही स्वतंत्र कला आहे.

आपल्या पावसाळी रस्त्यांसाठी

शहरातील दुचाकीस्वाराने या खेळातून काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे, अर्धवट ओलीचे भय. पहिल्या पावसाच्या सरीत रस्त्यावरील धूळ, तेल आणि टायरचा भुगा एकत्र होऊन तीच निसरडी साय तयार होते. तासभर जोराचा पाऊस झाल्यानंतरच्या रस्त्यापेक्षा पहिली दहा-पंधरा मिनिटे अधिक धोक्याची असतात. शक्य असेल तर तेवढा वेळ आडोशाला थांबणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट म्हणजे, मुळांचा नियम. ट्रायल्सच्या चालकाला जशी ओली मुळे, तसे आपल्याला रस्त्यावरचे रंगीत पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, रेल्वे फाटकातील रूळ आणि खोदकामावर टाकलेल्या लोखंडी पत्र्याच्या प्लेटा. त्या काटकोनात, गाडी सरळ ठेवून ओलांडाव्यात. त्यांच्यावर असताना ब्रेक किंवा थ्रॉटलशी खेळू नये. वेग वळणाच्या आधी, सरळ रेषेत कमी करावा. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळुवार दाबावेत.

एक गोष्ट मात्र मुळीच उचलू नये, ती म्हणजे टायरमधील हवा कमी करणे. ट्रायल्सची गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाते, म्हणून तिला ४ पौंड हवा चालते. रस्त्याच्या वेगाला कमी हवेचा टायर डोलतो, तापतो आणि रिमवरून सुटूही शकतो. शिवाय रस्त्यावर वेगात असताना टायरखालचे पाणी बाजूला सारण्यासाठी योग्य दाब आणि न झिजलेली नक्षी या दोन्हींची गरज असते. गाडीच्या कंपनीने सांगितलेलीच हवा पावसाळ्यातही ठेवावी आणि गुळगुळीत झालेला टायर जूनपूर्वी बदलावा.

ट्रायल्समध्ये घसरण्याची किंमत एक दंडगुण असते, फार तर पाच. डांबरी रस्त्यावर, मागून बस येत असताना, हा हिशेब इतका सौम्य नसतो. स्कॉटलंडच्या डोंगरात चालक निसरडा चढ आधी पायी चालून पाहतो आणि मगच गाडी घालतो. आपल्याला ती सवलत नाही. म्हणून आपल्या बाजूने वेग तरी कमी ठेवणे एवढेच हाती उरते.

चौकट : ओले आणि कोरडे, एका दृष्टिक्षेपात

वाट : कोरड्यात सरळ व आखूड, ओल्यात मोठ्या वळणाची, गाडी कमीत कमी कलेल अशी.

जोर : कोरड्यात अडथळ्यापाशी, ओल्यात अडथळ्याच्या आधी.

गिअर : ओल्यात पुष्कळदा एक वरचा.

इंजिनाचा खटका : कोरड्यात तीव्र, ओल्यात मवाळ.

मागच्या टायरमधील हवा : साधारण ४ ते ५ पौंड, ओल्यात खालच्या मर्यादेकडे. हे केवळ ट्रायल्सच्या गाडीसाठी.

ब्रेक : कोरड्यात पुढच्या ब्रेकवर भार चालतो, ओल्या उतारावर दोन्ही ब्रेक, जेमतेम.

मोठा धोका : कोरड्यात सुटे खडे व धूळ, ओल्यात शेवाळ, मुळे आणि खडकावर फासलेला चिखल.

स्पर्धेनंतर : ओल्या दिवसानंतर गाडी धुऊन साखळी व सांध्यांना वंगण देणे आवश्यक, धुताना एअर फिल्टरच्या तोंडाशी आणि बेअरिंगांवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नये.